तास तिचे, तापमान माझं

सोमवार, ६ फेब्रुवारी

बीपीच्या डॉक्टरांनी आज गोळी वाढवली आणि वर सल्ला दिला, "राग आला की लिहून काढत जा. कुणाला दाखवू नका, पण खरं लिहा." मी म्हटलं, शंभर पानी वही पुरेल का? ते हसले. मी विनोद केला नव्हता. येताना दोनशे पानी घेऊन आले.

तर आजचा राग. आमच्या कारखान्यात एक पीएचडी आली आहे. वय तीस असेल नसेल. येऊन तीन आठवडे झाले नाहीत, आणि बाईसाहेब मला तीन नंबर कसा चालवायचा ते शिकवायला निघाल्यात. मला! बावीस वर्षं मी त्या भांड्यापाशी उभी आहे. पहिल्या पाळीची इनचार्ज आहे. आमचे मॅनेजरसाहेबसुद्धा तीन नंबरबद्दल काही बोलायचं झालं तर "ताई, बघा हं, तुम्हाला पटलं तर" अशी सुरुवात करतात.

तीन नंबर म्हणजे तीन नंबरचा रिअॅक्टर. माणसाच्या दुप्पट उंचीचं बंद भांडं. त्यात तेलासारखा कच्चा माल भरायचा, ढवळणी चालू करायची आणि वरच्या टाकीतून हळूहळू आम्ल सोडायचं. दोन्ही एकत्र आले की उष्णता निघते, म्हणून भांड्याभोवतीच्या जॅकेटमधून मिठाचं गारेगार पाणी फिरवायचं. काटा बारा डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नाही. आठ तास आम्ल, नंतर रात्रभर नुसतं ढवळत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वाफ देऊन पंचावन्नवर न्यायचं की माल तयार. एवढं साधं आहे.

पीएचडी म्हणते, बारा नको, तीसवर चालवा. आठ तास नको, पाच तासांत आम्ल संपवा. रात्रभर थांबायचीही गरज नाही, त्याच दिवशी दुसऱ्या पाळीत पंचावन्नवर न्या. मीटिंगमध्ये फळ्यावर वर चढत जाणारी एक रेघ काढली आणि म्हणाली, "ताई, दर दहा डिग्रीला वेग साधारण दुप्पट होतो. बाराचे तीस केले की जवळजवळ साडेतीन पट."

मी म्हटलं, "म्हणजे भडकाही साडेतीन पट लवकर."

सगळे हसले. ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

आज कॅन्टीनमध्ये तिला गाठलं. म्हटलं, "मॅडम, दूध बाहेर राहिलं तर नासतं, फ्रीजमध्ये टिकतं. हे शेंबड्या पोराला कळतं. मग धोक्याची वस्तू गरम का ठेवायची?"

ती म्हणाली, "दूध टिकवायचं असतं, ताई. आम्ल संपवायचं असतं."

काय पण उत्तर! शब्दांत पकडायला शिकवतात वाटतं तिथे पीएचडीला. मी चहाचा कप आपटून उठले. कपाचा कान तुटला, तो भरून द्यावा लागेल बहुतेक.

माझा जीव कशात अडकलाय ते इथे लिहून ठेवते, कारण साहेबांना सांगून उपयोग नाही. दुसऱ्या पाळीला तीन नंबरवर माझा धाकटा भाऊ असतो. सहा वर्षांपूर्वी मीच त्याला इथे चिकटवला. दुकानात चांगला नोकरीला होता, दोन वेळ नीट जेवत होता. मीच म्हटलं, ये इकडे, मी आहे ना. आता ही बाई फळ्यावरची रेघ वर नेणार आणि भांड्यापाशी उभा राहणार माझा भाऊ. तिचं काय जातंय? ती अंगणापलीकडे प्रयोगशाळेत काचेमागे बसणार.

मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा मला काम शिकवणारे आमचे वस्ताद याच तीन नंबरपाशी भाजले होते. तेव्हा काटा वीसवर ठेवायचे. त्यानंतरच तो बारावर आणला. ते दृश्य मी पाहिलंय, त्या पोरीने नाही पाहिलेलं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

पीएचडीने प्रयोगशाळेत बोलावलं. "प्रत्यक्ष दाखवते," म्हणाली. जाड काचेच्या पडद्यामागे दोन छोटे काचेचे चंबू मांडले होते. दोन्हींत आमचाच कच्चा माल, एक तीस डिग्रीवर, एक पाचवर. दोन्हींत तिने सारखंच आम्ल सोडलं. तीसवाल्यात थेंब पडला की रंग बदलायचा, काटा थोडा उचलायचा, पुन्हा खाली बसायचा. पाचवाल्यात काही म्हणजे काही झालं नाही. नुसतं शांत. काटा जागचा हलला नाही.

मला हसूच आलं. म्हटलं, "मॅडम, तुम्हीच दाखवलंत की! गार ठेवलं तर काही होत नाही. बावीस वर्षं मी वेगळं काय सांगतेय?"

"थांबा ना, ताई. प्रयोग अर्धाच झालाय. आता हा गारवाला आपण गरम—"

मी थांबले नाही. तीन नंबर सोडून आले होते आणि माझ्या जागी उभा होता तो माणूस झडप उघडी ठेवून तंबाखू मळणारा आहे. आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या तोंडाने हरलेल्या माणसाचं पुढचं भाषण ऐकायची मला गरज वाटली नाही. जिना उतरताना शीळ घालत होते. घरी येऊन भावजयीला सांगितलं तर ती म्हणाली, "वन्सं, शीळ? तुम्ही?" आम्ही दोघी खूप हसलो.

सोमवार, १३ फेब्रुवारी

हसू जिरलं. साहेबांनी पीएचडीचा कागद सही करून आज खाली पाठवला. तीस डिग्री, पाच तास, त्याच दिवशी पंचावन्न. उद्यापासून.

साहेबांच्या खोलीत मी एवढी ओरडले की बाहेरच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. ते आपले पेनाचं टोपण काढतायत, लावतायत. "ताई, मालाला मागणी आहे. बॅच एका दिवसात निघाली पाहिजे. ती शिकलेली आहे. तुम्ही सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या! बरं. घेते सांभाळून.

मी बसमध्ये बसून विचार केला आणि ठरवलं. भांडण तासांवर आहे आणि डिग्रीवर आहे. साहेबांना एका दिवसात बॅच हवी, तर तास मी तिचे घेते. पाच तर पाच. पण डिग्री माझी राहणार. बारा. कागदावर तीस लिहीन. काट्याच्या नोंदी आम्ही हाताने दर तासाला लिहितो. आपोआप नोंदवणारं यंत्र पीएचडीने आल्या आल्या मागितलं होतं, ते साहेबांच्या टेबलाच्या खणात अजून अर्जच आहे. तीन वाजता पाळी बदलायच्या आधी थोडी वाफ देऊन काटा तीसवर आणून ठेवीन. धाकट्याला दिसेल तीस, तो पुढे कागदाप्रमाणे पंचावन्नवर नेईल. कुणाचं काही अडणार नाही.

दोघींचं अर्धं अर्धं. एवढं शहाणपण त्या मीटिंगमध्ये एकालाही सुचलं नाही. धाकट्याला यातलं काही सांगणार नाही. तो भोळा आहे, कुणी विचारलं तर चेहऱ्यावर दिसेल.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

केलं. नऊला आम्ल सुरू, दोनला संपलं. काटा सबंध वेळ बारावर. कागदावर तीस, एकतीस, तीस.  अडीचला गार पाणी बंद करून वाफ सोडली. तीसवर यायला मला वाटलं होतं वीस मिनिटं लागतील, पाचच लागली. वाफ बंद केल्यावरही काटा चालूच होता, म्हणून जरा गार पाणी परत सोडावं लागलं. जॅकेटची झडप गळत असणार. मेंटेनन्सवाल्यांच्या नावाने शंख केला. त्यांनी तपासली, म्हणे ठीक आहे. त्यांचं सगळंच ठीक असतं.

पीएचडी माझा कागद बघून खूश. "बघा ताई, तीसवर किती शांत चालतंय!"

मी म्हटलं, "हो ना."

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

धाकटा आज अंगणातच भेटला. नेहमीप्रमाणे डबा हलवत येत होता. म्हणाला, "ताई, काल पंचावन्नला वाफ बंद केली तर काटा चढतच राहिला. त्रेसष्टपर्यंत. गार पाणी पूर्ण सोडलं तेव्हा कुठे थांबला. जुन्या पद्धतीत असं कधी नाही झालं."

 तो पुढे काहीतरी विनोद करत होता, तो मी ऐकलाच नाही.

बघितलंत? माझ्या भागात सगळं शांत असतं. पाच तास एक डिग्री इकडची तिकडे होत नाही. गडबड कधी होते, तर तिच्या भागात. तिने सांगितलंय त्याच दिवशी गरम करा, म्हणून. त्या मालाला रात्रभर विसावा मिळायचा तो तिने काढून घेतला. मी तरी पहिला अर्धा भाग सांभाळतेय, नाहीतर आत्तापर्यंत काय झालं असतं देव जाणे.

सोमवार, २० फेब्रुवारी

पीएचडी खाली आली. दुसऱ्या पाळीच्या नोंदी बघून तिचंही तोंड उतरलं होतं. बरं वाटलं. पण विचारते काय, तर मला! "ताई, आम्ल टाकताना काटा खरंच तीसवर असतो ना?"

"म्हणजे मी खोटारडी?"

"तसं नाही. पण तीसवर टाकलं असेल तर पंचावन्नला असं चढायला काही शिल्लकच राहायला नको. गणित जुळत नाहीये."

"मग गणित दुरुस्त करा," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले खरं लिहा, म्हणून लिहिते. तोंडावर खोटं बोलले तरी मला लाज वाटली नाही, राग आला. जिच्यामुळे खोटं बोलावं लागतंय तीच वर मला विचारते. तरी ती तिथेच उभी. वस्तादांबद्दल विचारत बसली. ढवळणी बंद पडली होती का, किती वेगाने टाकत होते, आणि त्या दिवशी थंडी होती का. मी म्हटलं, होती, कडाक्याची होती, गार पाण्याच्या टाकीवर साय धरल्यासारखा बर्फ होता, काटा वीसवर टिकेना, पाच-सहावर गेला होता, मग? तिने ते लिहून घेतलं. "आणि मग त्यांनी गरम केलं?" म्हणाली. मी म्हटलं, मॅडम, माझ्या वस्तादांवर संशोधन करू नका. ते आता बोळक्या तोंडाने नातवंडांशी खेळतायत, त्यांना खेळू द्या.

नंतर कळलं की ती साहेबांकडे गेली होती. नोंदीचं यंत्र येईपर्यंत बॅच थांबवा म्हणून. साहेब म्हणाले, बघू. ते सगळ्यांनाच बघू म्हणतात.

बुधवार, २२ फेब्रुवारी

एकाहत्तर. धाकट्याची आज सुट्टी होती. घरी जेवताना म्हणाला, काल काटा एकाहत्तरवर गेला. सहज सांगितल्यासारखं. भावजय त्याच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. "वन्सं, हे बरोबर आहे का?"

नाही, बरोबर नाही. पण मी आहे ना. उद्यापासून बारा नाही, पाच. गार पाण्याची झडप पूर्ण उघडी. बाराला एवढं तापतंय तर पाचला कमीच तापणार. इकडून सात डिग्री खाली काढल्या की तिकडून सात कमी होतील, साधा हिशेब आहे, याला पीएचडी लागत नाही.

धाकट्याला म्हटलं, "उद्यापासून ठीक होईल." तो म्हणाला, "तू म्हणतेस ना, मग झालं." आणि आणखी भात घेतला.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

झाला स्फोट.

मी फाटकापाशी होते. तीन वाजून वीस. आवाज झाला तो मोठा नव्हता, मोठी पिशवी फुटावी तसा. मग छपरावरच्या नळीतून पिवळा धूर. मी परत धावले. भांडं फुटलं नाही, दाब वाढला की फाटावा म्हणून बसवलेला वरचा सुरक्षेचा पडदा फाटला आणि माल नळीतून वर गेला, पण झाकणाच्या सांध्यातून जो फवारा आला तो त्याच्या अंगावर आला. तोंड, मान, उजवा हात. पीएचडी माझ्याआधी तिथे पोचली होती. तिनेच त्याला शॉवरखाली ओढलं होतं. ती चिंब भिजलेली, त्याचं डोकं हातात धरून "डोळे उघडे ठेवा, डोळे उघडे ठेवा" ओरडत होती. मी तिला ढकललं. तिच्या हातून माझ्या भावाचं डोकं काढून घेतलं.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डावा वाचेल म्हणतात. उजव्याचं सांगत नाहीत.

मी काल दवाखान्याच्या व्हरांड्यात तिला काय काय बोलले ते लिहिणार नाही. सबंध मजला ऐकत होता. खुनी म्हटलं, ते आठवतंय. तिने मान खाली घातली होती. आज साहेबांनी तिला घरी बसवलं. निरीक्षक येणार आहेत चौकशीला. कागदावर सगळं तीस आहे, सही तिच्या पद्धतीवर आहे, सुटणार नाही ती. सुटू नयेच. तिने आता कुठे नोकरी करू नये, तिने कुठल्या भांड्याजवळ जाऊ नये, तिला कुणी काडेपेटीसुद्धा हातात देऊ नये!

मी सांगितलं होतं. पहिल्या दिवसापासून सांगत होते.

फक्त एक कळत नाही. पाचवर ठेवलं होतं. मग जास्त का भडकलं? रात्रभर हेच डोक्यात. तिच्या पद्धतीची चूक असती तर पाचने ती कमी व्हायला हवी होती.

सोमवार, २७ फेब्रुवारी

तीन दिवस हा प्रश्न घेऊन बसले. आज सकाळी प्रयोगशाळेत गेले. ती टेबलाचे खण रिकामे करायला आली होती. मला बघून खोक्याकडे हात तसाच धरून उभी राहिली. आणखी शिव्या द्यायला आलेय असं तिला वाटलं असणार.

मी म्हटलं, "तुमचा तो प्रयोग. राहिलेला अर्धा. दाखवा."

तिने खोकं खाली ठेवलं, चंबू घेतला, पाच डिग्रीवर आणला, आम्ल सोडलं. तेच. शांत. काटा जागचा हलला नाही.

"आता यात किती आम्ल आहे, ताई?"

"टाकलं तेवढं."

"सगळं तसंच. काहीच संपलेलं नाही. गारठ्यात त्याचा वेग इतका कमी होतो की ते नुसतं पडून राहतं. आठ तास हळूहळू टाकलं आणि रात्रभर ठेवलं तर थोडं थोडं संपतं, म्हणून तुमची जुनी पद्धत चालत होती. तीसवर पडल्या पडल्या संपतं, म्हणून माझी चालली असती. पण गार ठेवून घाईघाईने टाकलं, तर..."

चंबूखाली तिने गरम पाण्याचं भांडं सरकवलं आणि मला पडद्यामागे ओढलं. पंधरा, वीस. पंचवीसला काटा आपोआप चढायला लागला. तिने गरम पाणी काढून घेतलं. काटा थांबला नाही. तो तापतोय म्हणून वेग वाढतोय आणि वेग वाढतोय म्हणून आणखी तापतोय, हे मला तिने सांगायच्या आधी दिसलं. साठ, ऐंशी, आणि मग सगळं एकदम उसळून पडद्यावर येऊन आदळलं. पिवळं. तोच वास.

पाच मिनिटांत तीसवर आलेला काटा मला आठवला. वाफ बंद केल्यावरही चढणारा. मी मेंटेनन्सवाल्यांच्या नावाने शंख केला होता.

"किती डिग्रीला टाकत होता?" तिने विचारलं.

"बारा. गुरुवारी पाच."

ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी विचारलं होतं ताई तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं. तुम्ही मला खुनी म्हणालात, आणि मी चार दिवस झोपले नाही, माझंच गणित कुठे चुकलं ते शोधत बसले. चार दिवस! चालत्या व्हा इथून."

मी निघाले. जिन्यात बसले. 

मंगळवार, २८ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, आणि म्हणाले, "ताई, हे आणखी कुणाला बोललात?"

"पीएचडीला."

"तिचं कोण ऐकतंय. कागद बघा, कागदावर तीस आहे. तिची पद्धत, तिची चूक. तुम्ही बावीस वर्षांच्या जुन्या. तुमचा भाऊ आपला माणूस आहे, त्याचं आम्ही बघू. उगाच अंगावर घेऊ नका."

आजवर इतका राग मला कधीच आला नव्हता. याआधी आलेले सगळे राग लुटुपुटूचे होते. मी म्हटलं, "लाज आहे का थोडी? ती पोर यंत्र मागत होती, अर्ज तुमच्या खणात आहे. बॅच थांबवा म्हणाली, तुम्ही बघू म्हणालात. यंत्र असतं तर माझं खोटं पहिल्या दिवशी पकडलं गेलं असतं आणि माझ्या भावाचे डोळे शाबूत असते. मी नालायक आहेच, माझं मी बघते. पण माझ्या नालायकपणाची चादर करून तुम्ही तिच्याखाली झोपायचं नाही!" टेबलावरचा पेनांचा डबा मी भिंतीवर मारला. बाहेरचं टायपिंग आजही थांबलं.

मग निरीक्षकांच्या नावाने लिहून काढलं. रोजचे खरे आकडे या वहीतून उतरवले. बारा, बारा, बारा, पाच. खाली सही केली. अर्जाबद्दलही लिहिलं. एक प्रत पीएचडीच्या घरी जाऊन दाराखालून सरकवली. बेल वाजवायचं धाडस झालं नाही.

नोकरी जाईल. खटलाही होईल म्हणतात. होऊ दे. ते सगळं सोपं आहे. धाकट्याला अजून सांगितलेलं नाही, तो पडल्या पडल्या येईल त्याला सांगतो, "त्या पीएचडीने घात केला, ताईने आधीच सांगितलं होतं."

बुधवार, १ मार्च

सांगितलं.

भावजय उशाशी बसली होती. तिला म्हटलं, तूही ऐक. मग सगळं सांगितलं, बसमध्ये ठरवलं तिथपासून. तासांचं, डिग्रीचं, पाचचं. तुझ्यासाठी केलं, हेही म्हटलं, आणि म्हणताना ते किती घाणेरडं वाटतंय ते कळलं.

त्याचं तोंड पट्ट्यांतून फक्त ओठांपाशी दिसतं.  झोपला की काय असं वाटलं.

"नळीला दव होतं," तो म्हणाला.

"कुठल्या नळीला?"

"गार पाण्याच्या. तू गेल्यावर मी हात लावला. बर्फासारखी लागली. मनात म्हटलं, दिवसभर तीसवर चालवलंय तर नळी एवढी गार कशी? वाफेच्या चावीवरचा हात काढला मी. खरंच काढला होता, ताई. मग कागद बघितला. नऊला तीस, दहाला एकतीस, अकराला तीस. तुझं अक्षर. मग फिरवली चावी."

मी त्याच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं.

"त्या मॅडमनी लिहिलेलं असतं तर मी आधी जाऊन विचारलं असतं," तो म्हणाला.

भावजय रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती. गेल्या सहा वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलेलं नाही. मी उठायला गेले.

"ताई, आहेस का?"

"आहे रे."

"पाणी दे."

मी पेला भरला आणि त्याच्या ओठांना लावला. माझ्याकडून पेला जास्तच कलला आणि निम्मं पाणी त्याच्या मानेच्या पट्टीवर सांडलं. तो कळवळला. भावजयीने माझ्या हातून पेला काढून घेतला आणि त्याला स्वतः पाणी पाजलं.